रेल्वे फाटक: ओलांडायचं कसं, आणि अपघात झालाच तर दोष ठरतो कसा

८ जुलै २०२५ च्या सकाळी तमिळनाडूत कडलूर जिल्ह्यातल्या सेम्मनकुप्पमला शाळेची व्हॅन फाटकातून रुळांवर आली आणि विळुपुरम-मयिलादुतुरै पॅसेंजरने तिला धडक दिली. तीन विद्यार्थी गेले. रेल्वेच्या पहिल्या निवेदनात म्हटलं होतं की गेटमन फाटक लावत होता, पण व्हॅनच्या चालकाने जाऊ देण्याचा आग्रह धरला. चालक आणि वाचलेला मुलगा सांगत होते की फाटक उघडंच होतं. पुढे चौकशीत दिसलं ते असं: फाटक लावलेलंच नव्हतं, आणि तरीही ते लावल्याची खूण म्हणून द्यायचा क्रमांक गेटमनने स्टेशन मास्तरला देऊन टाकला होता.

पहिल्या दिवशी जी गोष्ट छापून आली तिच्यावर सगळं थांबलं असतं तर दोष चालकाच्या माथी कायमचा बसला असता. खरं काय ते वहीतल्या नोंदींनी आणि फोनवरच्या बोलण्याने सांगितलं. या लेखात आधी फाटक ओलांडण्याबद्दल लिहिलं आहे, मग अपघातानंतर त्या नोंदी कशा धरून ठेवायच्या आणि दावा कुठे करायचा त्याबद्दल. दुसरा भाग जास्त लांबला आहे, कारण त्याबद्दल मराठीत फारसं लिहिलेलं सापडत नाही.

आधी फाटकाची जात ओळखा

आपल्याला सगळी फाटकं सारखी दिसतात. तशी ती नसतात.

इंटरलॉक केलेल्या फाटकाचं नातं थेट सिग्नलशी असतं. दांडा खाली येऊन कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला पुढे जायचा सिग्नलच मिळत नाही, आणि एकदा सिग्नल दिला की गेटमनला मनात येईल तेव्हा फाटक उघडता येत नाही. "अहो, गाडी लांब आहे, उघडा ना" म्हणून त्याच्याशी भांडणाऱ्यांना हे माहीत नसतं. उघडणं त्याच्या हातात राहिलेलंच नसतं.

नॉन-इंटरलॉक फाटकावर सगळी भिस्त दोन माणसांच्या बोलण्यावर. स्टेशन मास्तर फोन करतो, गेटमन फाटक लावतो, मग दोघे एकमेकांना एक खासगी क्रमांक देतात आणि आपापल्या वहीत लिहितात. हा क्रमांक म्हणजे 'फाटक लागलं' याची शपथच. सेम्मनकुप्पमला ही शपथ खोटी निघाली. त्यानंतर रेल्वेने सर्व फाटकांवर सीसीटीव्ही बसवायचे, फोनवरच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणं रोज तपासायची आणि इंटरलॉकिंगसाठीचा वाहतुकीचा निकष खाली आणायचा असे आदेश काढले.

हा निकष टीव्हीयू (ट्रेन व्हेइकल युनिट) या आकड्यात मोजतात. चोवीस तासांत फाटकावरून जाणाऱ्या आगगाड्यांची संख्या गुणिले रस्त्यावरच्या वाहनांची संख्या. मोटार आणि बैलगाडी एकेक धरतात, ऑटोरिक्षा अर्धी. एक लाख टीव्हीयू झाले की त्या जागी उड्डाणपुलाचा विचार होतो. हा आकडा लक्षात असू द्या, शेवटी कामाला येईल.

गेटमन नसलेली फाटकं ब्रॉडगेजवरून ३१ जानेवारी २०१९ पर्यंत काढून टाकण्यात आली. त्याआधीचा हिशेब भयंकर आहे. ३ फेब्रुवारी २००५ ला नागपूरजवळ कन्हान भागात लग्नाच्या वऱ्हाडाची ट्रॅक्टर-ट्रॉली अशाच फाटकावर सापडली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. २४ जुलै २०१४ ला तेलंगणात मासाईपेटजवळ नांदेड-सिकंदराबाद पॅसेंजरने शाळेची बस उडवली. २६ एप्रिल २०१८ ला उत्तर प्रदेशात कुशीनगरला शाळेच्या व्हॅनमधली १३ मुलं गेली. नॅरोगेजवर किंवा कारखान्यांच्या खासगी सायडिंगवर (फाट्याच्या रुळांवर) गेटमन नसलेलं फाटक आजही आडवं येऊ शकतं. तेव्हा थांबून बघायची सवय मोडायची नाही.

ओलांडताना

एक साधं गणित करू. ताशी ११० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला साधारण ३० मीटर कापते. फाटकाच्या ६०० मीटर आधी रुळाकडेला एक पिवळी पाटी असते, तिच्यावर 'सी/फा' लिहिलेलं असतं, म्हणजे सीटी-फाटक. तिथून लोको पायलट, म्हणजे इंजिनाचा चालक, शिट्टी वाजवायला लागतो. तिथून फाटकापर्यंत गाडीला वीस सेकंद लागतात. आणि त्या वेगात ब्रेक दाबला तर थांबायला एक किलोमीटरच्या आसपास अंतर लागतं. म्हणजे तुम्ही लोको पायलटला दिसलात तरी त्याच्या हातात शिट्टीखेरीज फारसं काही उरलेलं नसतं.

आता उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर घ्या. स्वतःची लांबी पंधरा मीटर धरा, दुहेरी मार्गावर या दांड्यापासून त्या दांड्यापर्यंत आणखी पंधरा-वीस. भरल्या ट्रॉल्यांनी ताशी पाचच्या चालीने पूर्ण बाहेर पडायला त्याला वीस सेकंदांहून जास्त लागतात. शिट्टी ऐकू आल्यावर निघायचं ठरवलं तर शेवटची ट्रॉली रुळावरच असणार.

म्हणून क्रम असा. फाटक बंद असेल तर आधीच गाडी थांबवा. उघडं असलं तरी वेग अगदी कमी करा, गेटमन नसेल तर पूर्ण थांबवा. काच खाली, गाणी बंद, कानातलं काढलेलं. कुशीनगरच्या व्हॅनचालकाच्या कानात इयरफोन होते असं तेव्हा सांगितलं गेलं. मग पलीकडे बघा: तुमची अख्खी गाडी मावेल एवढी मोकळी जागा आहे का? पुढची एसटी हललेली नसताना तिच्या शेपटीला चिकटून रुळावर शिरणं ही सगळ्यात जास्त घडणारी आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी चूक. बाजाराच्या दिवशी फाटक उघडलं की दोन्हीकडून सगळे रस्त्याच्या पूर्ण रुंदीत घुसतात आणि मधोमध अडकतात, ते दृश्य सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

जागा असेल तर डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे बघा. समोरून येणारी मोठी वस्तू आहे त्यापेक्षा हळू येतेय असं डोळ्यांना वाटतं. अंतराचा अंदाज बांधायचा मोह टाळा. दिसली म्हणजे थांबायचं, एवढंच. पहिला गिअर टाकून निघा आणि रुळांवर गिअर बदलू नका. एक गाडी गेली म्हणजे मार्ग मोकळा झाला असं नव्हे. दुहेरी मार्गावर तिच्याआडून दुसरी येते, आणि पायी माणसं, सायकलवाले सापडतात ते बहुतेक याच दुसऱ्या गाडीखाली.

दुचाकीवाल्यांना वेगळं काय सांगायचं? पडलेल्या दांड्याखालून गाडी आडवी करून काढायची कला आपल्याकडे बापाकडून पोराकडे येते. तो गुन्हा आहे हे तर खरंच, पण मुद्दा वेगळा आहे. वाकून गाडी काढताना डोळे दांड्यावर असतात, रुळांकडे नसतात.

विजेच्या मार्गावर फाटकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी चौकट उभी असते, तिची उंची ४.६७ मीटर. ती तारेच्या हिशेबाने लावलेली आहे. वर २५ हजार व्होल्ट वाहत असतात आणि अशी तार स्पर्श न करताही झटका देते. कडबा, ऊस, मंडपाचे बांबू, वऱ्हाडाच्या टपावर बसलेली पोरं, मिरवणुकीतला उंच झेंडा, सगळं त्या चौकटीखालून बसत असेल तरच पुढे.

कायदाही हेच सांगतो, फक्त जास्त कडक भाषेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३१ नुसार गेटमन नसलेल्या फाटकावर चालकाने गाडी थांबवायची, क्लीनर किंवा गाडीतल्या दुसऱ्या कुणाला तरी खाली उतरवून रुळापर्यंत पाठवायचं, दोन्हीकडून काही येत नाही याची खात्री करून त्याने गाडी पार करून द्यायची. सोबत कुणी नसेल तर चालकाने स्वतः उतरून बघायचं. रेल्वे कायद्याचं कलम १६१ असं फाटक निष्काळजीपणे ओलांडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद सांगतं, आणि न थांबता किंवा गाडी दिसत असताना ओलांडणं म्हणजेच निष्काळजीपणा, अशी व्याख्याही देतं. बंद फाटक स्वतः उघडलं तर कलम १६० खाली तीन वर्षांपर्यंत, तोडलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गाडी रुळावर बंद पडली तर

पहिल्या क्षणी गाडीतली सगळी माणसं खाली उतरवा. गाडी वाचवायचा विचार नंतर. ट्रॅक्टरसाठी कर्ज काढलेलं असतं, म्हणून शेतकरी शेवटपर्यंत स्टार्टर मारत बसतो. सोबतच्यांनी त्याला हाताला धरून ओढावं लागलं तर ओढावं.

उतरल्यावर रुळापासून लांब जायचं, पण कुठे? आगगाडी ज्या बाजूने येणार त्या बाजूला तिरकं. उलटं वाटतं, पण धडकेनंतर पत्रे आणि चाकं आगगाडीच्या चालीच्या दिशेने उडतात.

एकाने गेटमनकडे धावायचं. त्याच्याकडे स्टेशनचा फोन आहे, लाल झेंडी आहे आणि रुळावर ठेवायचे फटाके आहेत. फाटकापासून ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन, असे ते लावायचे असतात. चाकाखाली ते फुटले की लोको पायलट थांबतो. गेटमन पळत सुटला तर तो तुम्हाला सोडून पळत नसतो, त्याला अडवू नका.

गेटमन नसेल तर दुसऱ्याने रुळाच्या कडेकडेने, रुळावरून नव्हे, आगगाडी येणार त्या दिशेने पळायचं. लाल कापड असेल तर ते जोरात हलवा. नसेल तर दोन्ही हात डोक्यावर उंच धरून उभे राहा. रात्री मोबाइलची बॅटरी अंगासमोर आडवी, जोरजोरात हलवा. या खुणा रेल्वेच्या नियमांतच आहेत आणि लोको पायलट त्यांना धोक्याचा सिग्नल मानतो. सोबत रेल्वेच्या १३९ वर किंवा ११२ वर फोन. जागा सांगताना "आमच्या गावचं फाटक" असं सांगू नका. फाटकाचा क्रमांक तिथल्या पाटीवर असतो, आणि विजेच्या खांबावर किलोमीटर आणि खांब क्रमांक रंगवलेला असतो. तो वाचून सांगितला की नियंत्रण कक्षाला जागा नेमकी कळते.

अपघातानंतर: बोलू नका, टिपून ठेवा

जखमींना हलवणं आधी. मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे. त्याला नाव-पत्ता सांगायचीही सक्ती करता येत नाही.

त्यानंतर दहा मिनिटांत गर्दीचा निकाल तयार असतो. गेटमनला मारहाण होते, किंवा "ड्रायव्हर दारू प्याला होता" अशी बातमी पसरते. या गोंधळात जे पुरावे उद्या मिळणार नाहीत ते आज फोनमध्ये घ्या: दांड्यांची स्थिती (वर, खाली, तुटलेले), गाडीचा दांड्याला घासल्याचा काही ओरखडा आहे का, फाटकाचे दिवे, रस्त्यावरचा उंचवटा, रुळ दिसू न देणारी झाडी, गतिरोधक आहेत की उखडलेत. दांडा मोडलेला नाही आणि गाडीवर त्याचा ओरखडा नाही, एवढ्या साध्या गोष्टीतून पुष्कळ काही सिद्ध होतं. शिट्टी ऐकू आली का, हे शेजारच्या शेतात काम करणाऱ्याला विचारा, त्याचं नाव-नंबर लिहून घ्या.

महाराष्ट्रात अशी नोंद बहुधा लोहमार्ग पोलिसांकडे जाते, काही वेळा स्थानिक ठाण्याकडे. एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत मागा. रेल्वे हद्दीत नोंद झाली तरी हा मोटार वाहनाचाही अपघात आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाणारा अहवाल तयार होतोय का, हे विचारून घ्या. विमा कंपनीला लेखी कळवा.

आठवड्याच्या आत विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना नोंदणीकृत डाकेने एक पत्र पाठवा. त्यात तारीख, वेळ, फाटक क्रमांक लिहून पुढील गोष्टी जपून ठेवण्याची मागणी करा: गेटची नोंदवही, खासगी क्रमांकाची वही, स्टेशनचं गाड्यांचं रजिस्टर, गेट फोनचं ध्वनिमुद्रण, सीसीटीव्ही, इंटरलॉक फाटक असेल तर डेटा लॉगर (सिग्नल आणि फाटकाच्या हालचाली आपोआप नोंदवणारं यंत्र), आणि इंजिनातली वेगाची नोंद. ध्वनिमुद्रण आणि चित्रण जुनं झालं की पुसलं जातं, म्हणून हे पत्र तेराव्याची वाट न बघता पाठवायचं. घरात सुतक असतं, कुणाला सुचत नाही. गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाने हे काम अंगावर घ्यावं. चौकशी अहवालासाठी माहिती अधिकारात अर्ज करा, उत्तराची मुदत ३० दिवस आहे.

दोष कुणाचा

'रेल्वेला रस्ता द्यायचा असतो, म्हणून चूक कायम रस्त्यावरच्याची' असं गावोगाव मानतात. ओलांडण्याच्या बाबतीत पहिलं अर्ध बरोबर आहे. दुसरं सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी बाजूला ठेवलं. १९७९ मध्ये केरळमध्ये गेटमन नसलेल्या फाटकावर एक प्रवासी वाहन गाडीखाली सापडून सुमारे चाळीस माणसं गेली होती. त्या प्रकरणात १९९७ साली न्यायालयाने म्हटलं की कायद्यात लिहिलेल्या कर्तव्यापलीकडेही रेल्वेवर वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी आहे, आणि मोटार अपघात न्यायाधिकरण रेल्वेविरुद्धही दावा ऐकू शकतं. २००२ च्या निकालात आणखी स्पष्ट झालं: शेवटी चूक फक्त रेल्वेची निघाली तरी न्यायाधिकरणाचा अधिकार जात नाही.

मग दोषाची वाटणी कशी होते? चालक स्वतः जखमी झाला आणि त्याचीही चूक असेल, तर त्याच्या भरपाईतून त्याच्या वाट्याचा भाग वजा होतो. पण गाडीत बसलेल्या प्रवाशाचं तसं नाही. शाळेच्या व्हॅनमधल्या मुलाने किंवा ट्रॉलीत बसलेल्या मजुराने काही चूक केलेली नसते. त्याच्यासाठी व्हॅनचालक आणि रेल्वे दोघेही दोषी असतील, तर तो संपूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही मागू शकतो. त्यांनी आपसात काय वाटून घ्यायचं ते घ्यावं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ शब्दांत सांगितलं. तडजोडीला बसवणारी माणसं "तुमच्याच ड्रायव्हरची चूक होती" असं म्हणून मयताच्या घरच्यांना गप्प करतात तेव्हा हे वाक्य जवळ असावं.

फौजदारी बाजू वेगळी चालते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, रेल्वे कर्मचाऱ्याने कामात हयगय करून जीव धोक्यात घातला तर रेल्वे कायद्याचं कलम १७५. पण गेटमनला अटक झाली म्हणजे प्रश्न सुटला असं मी मानत नाही. तो किती तासांच्या पाळीवर होता, फाटक अजून नॉन-इंटरलॉक का होतं, हे कुणी विचारायचं? सेम्मनकुप्पमच्या त्याच पहिल्या निवेदनात रेल्वेने म्हटलं होतं की तिथला भुयारी मार्ग मंजूर आहे, पण वर्षभर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मिळालेली नाही. ती फाइल कुठल्या टेबलावर होती, हाही दोषाचाच भाग आहे.

पैसे कुठून, किती दिवसांत

तीन दारं आहेत आणि लोक हमखास चुकीचं ठोठावतात.

रेल्वे दावा न्यायाधिकरण आगगाडीतल्या प्रवाशांसाठी आहे. रस्त्यावरच्या वाहनातल्या माणसाने तिथे वेळ घालवू नये.

सानुग्रह मदत रेल्वे स्वतः देते. सप्टेंबर २०२३ पासूनच्या दरांप्रमाणे मृत्यूला ५ लाख, गंभीर जखमीला अडीच लाख, किरकोळ जखमीला ५० हजार रुपये. अट दोन शब्दांत दडलेली आहे: फाटक गेटमनचं हवं आणि प्रथमदर्शनी जबाबदारी रेल्वेची हवी. पहिल्या दिवशीचं निवेदन कुणाच्या नावाने निघतं याला म्हणून किंमत असते. ही मदत घेतली म्हणून पुढचा दावा बुडत नाही, पण सही करताना कागदावर 'अंतिम तडजोड' असं काही नाही ना, ते वाचून घ्या.

तिसरं दार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचं, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली. अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे अर्ज करता येतो. वाहनमालक, विमा कंपनी आणि संबंधित रेल्वेच्या महाव्यवस्थापकांमार्फत भारत सरकार, अशा तिघांनाही प्रतिवादी करा. रेल्वेला वगळून अर्ज केला की पुढे सगळा दोष चालकावर ढकलला जातो आणि विमा नसेल तर हातात काही पडत नाही. कायद्यात मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे, तिच्या आत अर्ज पडलाच पाहिजे असं धरून चाला. मयताचं वय, उत्पन्न आणि अवलंबून असलेली माणसं यांवर रक्कम ठरते. शेतमजुराच्या बाबतीत उत्पन्नाचा कागद नसतो, तेव्हा ऊस वाहतुकीच्या पावत्या, बँक पासबुक, मुकादमाचं प्रतिज्ञापत्र, जे मिळेल ते जोडा.

तुमच्या गावचं फाटक

डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ मध्ये सांगितलं होतं की पाच वर्षांत सगळीच फाटकं, गेटमनची असोत वा नसोत, काढून टाका. ती पाच वर्षं केव्हाच उलटली. जिथे भुयारी मार्ग झाले तिथे पावसाळ्यात कंबरभर पाणी साचतं आणि माणसं पुन्हा रुळांवरूनच चालतात. पुलासाठी रेल्वे, राज्य सरकार आणि महारेल (राज्यात रेल्वेवरचे पूल बांधणारं महामंडळ) यांच्यात कागद फिरत राहतात.

तोवर ग्रामसभेचा ठराव घ्या. टीव्हीयूची मोजणी पुन्हा करायची मागणी करा. ती हंगामात व्हावी असं लिहा, कारण ऊसतोडीच्या दिवसांत वाहनं कितीतरी वाढतात. फाटक इंटरलॉक आहे का, ते विचारा. झाडी, उखडलेले गतिरोधक, बंद दिवे यांचे तारखेसह फोटो जोडा. एक प्रत विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या बांधकाम विभागाला. तिन्हींची पोचपावती ग्रामपंचायतीच्या फाइलला लावा. धोका आधीच कळवला होता याचा कागद उद्या न्यायाधिकरणापुढे ठेवायची वेळ आली, तर तो त्याच फाइलमधून निघेल.